संगीत नाटकावरचा तीन तासांचा चित्रपट घरी नीट कसा पाहावा

गाण्यांनी भरलेल्या नाटकावरून काढलेला मोठा चित्रपट घरी लावला की पहिल्या तासाभरातच कोणीतरी विचारते, "अजून किती राहिलंय?" आमच्या अंबाजोगाईच्या घरात हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचे खरे कारण शोधणे मला भाग पडले. विचारणारा कंटाळलेला असतो हे खरे, परंतु पुष्कळदा चित्रपट वाईट नसतो. तो चुकीच्या वेळी सुरू केलेला असतो, चुकीच्या जागी थांबवलेला असतो आणि पाहणाऱ्यांना त्याची काहीच ओळख करून दिलेली नसते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई, आठवीतली पुतणी आणि शेजारच्या काकू अशा सगळ्यांना घेऊन हे चित्रपट पाहता पाहता एक पद्धत बसत गेली, ती येथे मांडतो. उदाहरण मुख्यतः 'फिडलर ऑन द रूफ' या १९७१ सालच्या इंग्रजी चित्रपटाचे घेतो, कारण तो सुमारे १८० मिनिटांचा आहे आणि मुलींची लग्ने जमवणारा गरीब बाप हा त्याचा विषय मराठवाड्यातल्या कोणत्याही घराला समजावून सांगावा लागत नाही.

आधी लांबीचे कारण समजून घ्यावे. रंगमंचावर एक गाडा आणि एक दार दाखवले की प्रेक्षक गाव मनात उभे करतो. चित्रपटाला मात्र ते गाव खरोखर दाखवावे लागते, म्हणजे त्यातल्या वाटा, गोठे, बाजार आणि चिखल हे सगळे आले, आणि प्रत्येक दृश्यामागे मिनिटे वाढतात. दुसरीकडे नाटकातली काही गाणी केवळ मागचे नेपथ्य बदलण्यासाठी पडद्यापुढे म्हटलेली असतात आणि चित्रपटाला त्यांची गरज नसल्यामुळे ती वगळली जातात. एवढे करूनही चित्रपट लांब वाटतो याचे महत्त्वाचे कारण वेगळेच आहे. 'फिडलर'चा रंगमंचावरचा प्रयोग मध्यंतर धरून जवळजवळ तेवढाच चालतो. परंतु तिथे प्रत्येक गाण्यानंतर टाळ्या पडतात, माणसे बसल्या जागी सावरून बसतात, शेजाऱ्याकडे एक नजर टाकतात, आणि त्या दहा-पंधरा सेकंदांत मन पुन्हा ताजे होते. चित्रपटात ही उसंत कापली जाते आणि गाणे संपताच पुढचा संवाद सुरू होतो. तेव्हा पाहणाऱ्याने जे काम करायचे आहे ते एवढेच, की कापली गेलेली उसंत त्याने स्वतः योग्य जागी परत घालावी.

काही चित्रपट खरोखरच ताणलेले असतात, हेही मान्य केले पाहिजे. 'विकेड' या नाटकाचा २०२४ साली आलेला पहिला भाग सुमारे १६० मिनिटांचा आहे आणि तो नाटकाच्या मध्यंतराच्या जागी संपतो. म्हणजे अख्ख्या प्रयोगाला लागणारा वेळ निम्म्या कथेने घेतला आहे. अशा चित्रपटाला दोन बैठका द्याव्यात आणि त्याबद्दल मनात कसलाही संकोच ठेवू नये.

पहिली तयारी कथेची. आपल्याकडे अलीकडे कथा आधी सांगितली की मजा गेली असे मानतात. संगीत नाटकाच्या बाबतीत ही समजूत पूर्णपणे चुकीची आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' आणि त्यानंतर 'सौभद्र' रंगमंचावर आणले, तेव्हा शकुंतलेची अंगठी हरवणार आणि सुभद्रा अर्जुनालाच मिळणार हे थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. लोक पुढे काय होते हे पाहायला जात नव्हते. ते जाणलेले दुःख आणि जाणलेला आनंद सुरांत कसा उतरतो हे ऐकायला जात होते. म्हणून आदल्या दिवशी जेवताना कथा सरळ सांगून टाकावी. मी आईला अशी सांगितली: रशियात राजेशाही असताना, १९०५ च्या सुमारास, आनातेव्का नावाच्या खेड्यात तेव्ये नावाचा ज्यू दूधवाला राहतो, त्याला पाच मुली आहेत, थोरलीला गावातला सधन खाटीक मागणी घालतो पण तिचे मन गरीब शिंप्यावर आहे, दुसरी एका चळवळ्या तरुणामागे जाते, तिसरी धर्माबाहेर लग्न करते, आणि शेवटी सरकार सगळ्या गावालाच तीन दिवसांत निघून जायला सांगते. आईने मध्ये एकदाच विचारले, "मधी सोयरीक जमवणारी बाई आसंल की?" होती. येंटे तिचे नाव, आणि ते नाव आईने दुसऱ्या दिवशी पडद्यावर ती येताच स्वतः उच्चारले.

नावे सांगताना सगळी सांगू नयेत. पाच-सहा पुरेत, आणि प्रत्येकासोबत त्याचा धंदा सांगावा: तेव्ये दूधवाला, गोल्डे त्याची बायको, मोटल शिंपी, लेझर वुल्फ खाटीक, पर्चिक चळवळ्या मास्तर. अनोळखी नावापेक्षा धंदा लवकर ध्यानात राहतो.

दुसरी तयारी गाण्यांची, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. नाटकातले पद प्रथमच ऐकताना कान चाल शोधण्यात गुंततो आणि अर्थ निसटतो. तेच पद दोनदा ऐकलेले असले की चाल आपोआप पाठीशी उभी राहते आणि लक्ष माणसाच्या चेहऱ्याकडे जाते. २०१५ साली 'कट्यार काळजात घुसली' चित्रपटगृहांत आला तेव्हा मराठी प्रेक्षक तो एवढा वेळ तल्लीन होऊन पाहू शकले, यामागे १९६७ च्या दारव्हेकरांच्या नाटकातली, जितेंद्र अभिषेकींनी बांधलेली पदे लोकांच्या कानांत आधीपासून होती हेही एक कारण आहे. 'घेई छंद मकरंद' हे एकच पद त्यात दोन निरनिराळ्या चालींत येते आणि दोन गवयांच्या स्वभावांतले अंतर त्यातून कळते. ज्याने ते पद पूर्वी ऐकलेच नाही त्याला तेच शब्द पुन्हा का आले असे वाटण्याची शक्यता असते. इंग्रजी संगीतपटासाठी आठवडाभर आधी सकाळी स्वयंपाकघरात चार-पाच गाणी मोबाइलवर सहज लावून ठेवावीत. समजलीच पाहिजेत असे नाही. कानावरून जाऊ द्यावीत.

आता वेळेबद्दल. आमची पहिली बैठक फसली ती केवळ वेळेमुळे. शनिवारी जेवणे आटोपून सव्वानऊला सुरुवात केली, साडेदहापासून डोळे मिटू लागले, आणि शेवटी ज्या क्षणी कोणीतरी "आता उद्या" म्हणाले त्या क्षणी चित्रपट थांबवला. तो क्षण तेव्येच्या स्वप्नाच्या ऐन मध्यावर आला होता. थोरलीचे लग्न शिंप्याशी लावायला बायको राजी व्हावी म्हणून तेव्ये एक भयंकर स्वप्न पडल्याचे रचून सांगतो, आणि त्या स्वप्नात बायकोची मेलेली आजी आणि खाटकाची मेलेली बायको नाचत-गात येतात. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथूनच पुढे सुरू केल्यावर आईला हे स्वप्न आहे याचा धागाच सापडला नाही. ती मला सारखी विचारत होती, "ही कोण बाई आरडायलीय? काल तर नव्हती." तिची चूक काहीच नव्हती, गाण्याच्या मध्यावर चित्रपट तोडणारा मीच होतो.

तेव्हापासून आम्ही संध्याकाळी सहाला बसतो. मे महिन्यात ते शक्य होत नाही, कारण सहालाही पत्रे आणि भिंती तापलेल्या असतात आणि कूलरच्या आवाजात शब्द बुडतात. त्यामुळे मोठे संगीतपट आम्ही दिवाळीपासून शिमग्यापर्यंतच्या महिन्यांसाठी राखून ठेवतो. बसण्यापूर्वी पोटात काहीतरी असावे. आमच्याकडे त्या दिवशी चुरमुऱ्यांचा सुशीला होतो, कारण तो पटकन होतो, जड पडत नाही आणि ताटली लगेच बाजूला ठेवता येते. कुरकुरीत फरसाण मात्र मी आणू देत नाही. पाच माणसे एकदम खाऊ लागली की हळू म्हटलेल्या ओळी ऐकू येत नाहीत, आणि या चित्रपटात हळू म्हटलेल्या ओळीच जास्त मोलाच्या आहेत. वयस्कर माणसांच्या पाठीला लोड आणि पायांखाली पाट द्यावा. नेटचा भरवसा नसेल तर चित्रपट आदल्या रात्रीच उतरवून घ्यावा, आणि लाइट जाण्याचा वार ठाऊक असेल तर तो वार टाळावा.

टीव्हीवर चित्राची मांडणी एकदा तपासून घ्यावी. पुष्कळ टीव्ही मुळातच भडक रंगांवर लावलेले असतात. ते 'सिनेमा' या पर्यायावर आणावेत आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी. 'फिडलर'च्या बाबतीत याचे विशेष कारण आहे. छायाचित्रकार ऑस्वाल्ड मॉरिस यांनी कॅमेऱ्याच्या भिंगावर बायकांचा तपकिरी नायलॉनचा पायमोजा ताणून चित्रीकरण केले, त्यामुळे सगळ्या गावाला मातीचा, धुळीचा रंग आला, आणि या कामासाठी त्यांना ऑस्कर मिळाले. काही दृश्यांत आकाशाकडे निरखून पाहिले तर त्या मोज्याची वीणही दिसते. माझ्या पुतणीने ती एका ठिकाणी शोधून काढली आणि मग सगळ्यांनी टीव्हीजवळ जाऊन ती पाहिली; भडक रंगांत ही मातीच नाहीशी होते. चित्र पडदाभर ओढूनही घेऊ नये. वर-खाली काळ्या पट्ट्या राहिल्या तरी चालतील, कारण ओढले की नाचातली कडेची माणसे कापली जातात.

आवाज संवादांप्रमाणे नव्हे, गाण्यांप्रमाणे लावावा. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवला की पहिल्याच कोरसला घर दणाणते, मग कोणीतरी तो एकदम कमी करते, आणि ही ओढाताण तीन तास चालते. एखादे गाणे आधी लावून आवाज ठरवावा आणि संवादांसाठी पडद्याखाली येणाऱ्या ओळींचा (सबटायटल्सचा) आधार घ्यावा. ज्यांना इंग्रजी ओळी वाचता येत नाहीत त्यांच्याजवळ एकाने बसून सांगत जावे, परंतु एकानेच. दोघे सांगू लागले की दोन कथा तयार होतात. सांगणाऱ्याने गाणे सुरू होण्यापूर्वी त्याचा आशय एका वाक्यात सांगावा आणि गाणे चालू असताना गप्प राहावे.

आता थांबण्याच्या जागेबद्दल, जी या सगळ्याचा गाभा आहे. नारदीय कीर्तन ज्यांनी ऐकले आहे त्यांना हे चटकन समजेल. पूर्वरंग संपतो, मध्ये नामाचा गजर होतो, बुवांना बुक्का लावून हार घालतात, श्रोते सैल होतात, आणि मग उत्तररंगाचे आख्यान सुरू होते. बुवा मध्येच एखाद्या ओवीच्या दुसऱ्या चरणावर थांबत नाहीत. संगीत नाटकाचीही रचना अशीच असते: पूर्वार्ध एखाद्या मोठ्या गाण्यावर किंवा आघातावर येऊन संपवलेला असतो, जेणेकरून प्रेक्षक तो आघात सोबत घेऊन बाहेर जाईल. चित्रपट करणाऱ्याने ती जागा जपली आहे की हलवली आहे हे आधी शोधून काढावे आणि आपले मध्यंतर तिथेच घ्यावे.

'फिडलर'मध्ये ती जागा जपलेली आहे. थोरलीच्या लग्नात लोक हातांत मेणबत्त्या घेऊन उभे असतात आणि आईबाप, काल कडेवर घेतलेली ही पोर एवढी मोठी कधी झाली अशा अर्थाचे गाणे म्हणतात. पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला बसलेल्या पाहून आई म्हणाली, "आपल्या कीर्तनातल्यासारखंच बसायलेत की." गाणे सुरू झाल्यावर तिने पदराचे टोक हातात धरले आणि ते संपेपर्यंत सोडले नाही. त्यानंतर नाच रंगतो, माणसे टोपीवर बाटल्या तोलून गुडघ्यांवर सरकत नाचतात, पर्चिक रीत मोडून मुलीला नाचायला बोलावतो, हळूहळू सगळेच नाचू लागतात, आणि ऐन आनंदात शिपाई आणि गुंड येऊन मांडवाची नासधूस करतात. ते निघून गेल्यावर तेव्ये घरच्यांना म्हणतो की उभे काय राहिलात, आवरा. आणि सगळे मुकाट्याने आवरू लागतात. इथे मध्यंतर आहे. इथेच टीव्ही थांबवावा, दिवा लावावा आणि लगेच बोलू नये. आमच्याकडे त्या वेळी साधारण आठ वाजले होते; आम्ही भाकरी आणि येसराची आमटी जेवलो, आणि जेवताना जे बोलणे झाले ते सगळे आपल्या घरातल्या लग्नांविषयी होते.

प्रत्येक चित्रपटात ही जागा अशी सरळ मिळत नाही. 'द साउंड ऑफ म्युझिक' हा १९६५ चा १७४ मिनिटांचा चित्रपट घ्या. १९५९ च्या नाटकात पहिला अंक मठातल्या माताजींच्या धीर देणाऱ्या गाण्यावर संपतो. चित्रपटात मात्र मठातून मुलांना सांभाळायला आलेली मारिया रात्री चिठ्ठी ठेवून त्यांचे घर सोडते तिथे मध्यंतर घेतले आहे आणि माताजींचे ते गाणे मध्यंतरानंतर येते. मला नाटकाची जागा अधिक योग्य वाटते, कारण घर सोडलेल्या मुलीला पुढे जाण्याचे बळ मिळाल्यावर थांबले की उत्तरार्धाला उत्सुकतेने बसता येते. म्हणून घरी पाहताना चित्रपटातल्या मध्यंतराच्या पाटीवर न थांबता ते गाणे होईपर्यंत पुढे जावे आणि मग उठावे.

मध्येच उठायची वेळ आलीच तर कोणत्या प्रसंगात उठावे, याचाही विचार करून ठेवलेला बरा. बहुतेक लोक गाणे लागले की पाणी प्यायला उठतात, किंवा गाणी पुढे ढकलतात. याहून मोठे नुकसान दुसरे नाही, कारण संगीत नाटकात माणूस जे बोलू शकत नाही तेच तो गातो. काही जण चित्रपट दीडपट वेगाने लावतात. त्याने ठेका बदलतो, नाचणाऱ्यांचे पाय पळू लागतात, आणि मिनिटे वाचली तरी गाणे हाती लागत नाही. उठायचेच असेल तर चित्रपटासाठी नव्याने घातलेल्या प्रसंगांत उठावे. 'फिडलर'च्या उत्तरार्धातला कीव शहरातल्या सभेचा आणि घोडेस्वारांच्या हल्ल्याचा प्रसंग मूळ नाटकात नाही. पर्चिकला अटक झाली एवढे कळले तर त्यावाचून काही अडत नाही. सुरुवातीचा भाग मात्र अजिबात चुकवू नये. तेव्ये सूत्रधारासारखा थेट आपल्याशी बोलत गावाची ओळख करून देतो, त्याचे 'परंपरा' हे गाणे होते, आणि त्यानंतर कलाकारांची नामावली येते, तीही आयझॅक स्टर्न यांच्या व्हायोलिनवर. नामावली उशिरा आली म्हणून चित्रपट रेंगाळतो आहे असे समजू नये. आपल्याकडे नांदी आणि सूत्रधार-नटीचा प्रवेश जे काम करत असे तेच काम या भागाचे आहे.

उत्तरार्ध लहान आहे, पण तो मनाला जड जातो. जेवणानंतर लगेच सुरू करावा, कारण उशीर झाला तर मुले झोपतात आणि त्यांना फक्त आनंदाचा अर्धा भाग आठवत राहतो. या भागात तेव्ये आपल्या बायकोला, पंचवीस वर्षांच्या संसारानंतर, पहिल्यांदा विचारतो की तुझे माझ्यावर प्रेम आहे का. ती आधी चिडते, मग धुणी धुतली, स्वयंपाक केला, गाय दोहली असा हिशेब सांगते, आणि त्या हिशेबातूनच तिला उत्तर सापडते. या गाण्याच्या वेळी सांगणाऱ्याने एक शब्दही बोलू नये. आमच्या खोलीत त्या दिवशी तीन जोडपी बसली होती आणि कोणी कोणाकडे पाहत नव्हते.

शेवटी अख्खे गाव गाड्यांवर संसार बांधून निघते. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या दृश्यात भाषांतराची गरज लागत नाही; काकूंनी तेव्येच्या गाड्यावर काय काय ठेवले आहे ते मोजायला सुरुवात केली होती. हे दृश्य संपल्यावर टीव्ही लगेच बंद करू नये, व्हायोलिन पूर्ण वाजू द्यावे.

आणखी एक सोय ठेवावी. जुन्या नाटकांना वन्समोअर मिळत असे, बालगंधर्वांच्या एकेका पदाला तो पुनःपुन्हा मिळे आणि प्रयोग पहाटेपर्यंत लांबत. घरच्या पडद्यावर तो आपल्या हातात आहे. आईने दुसऱ्या दिवशी सकाळी दळण निवडता निवडता म्हटले, "ती नवराबायकोचं गाणं परत लाव की." म्हणून उतरवलेला चित्रपट निदान आठवडाभर काढून टाकू नये, आणि कोणते गाणे किती वाजून किती मिनिटांनी येते ते एका कागदावर लिहून टीव्हीजवळ ठेवावे.